खाडा पडल्यानंतरचा दिवस

गेले सव्वा वर्ष मी एका साध्या रोजनिशीत व्यायामाची नोंद ठेवते आहे. व्यायाम झाला त्या दिवशी तारखेशेजारी पेन्सिलीने एक ठिपका द्यायचा, झाला नाही तर जागा रिकामी सोडायची. किती मिनिटे, किती पावले, वजन किती, यांपैकी कशाचीही नोंद त्यात नाही. परवा ती वही चाळताना एक गोष्ट ध्यानात आली. ठिपका नसलेल्या तारखा भरपूर आहेत, बहुतेक आठवड्यांत दोन-तीन तरी आहेतच, परंतु त्या सलग अशा क्वचितच आल्या आहेत. त्याआधीच्या पंधरा वर्षांत मी व्यायाम सुरू केला नाही असे एकही वर्ष गेले नसेल, आणि तो बंद पडण्याची रीत दर वेळी एकच होती: एक दिवस खाडा झाला, दुसऱ्या दिवशी त्या खाड्याची लाज वाटली, तिसऱ्या दिवशी ‘आता सोमवारपासूनच’ असे ठरले, आणि तो सोमवार उजाडायला सात-आठ महिने लागले. व्यायाम चुकला त्या दिवसाने माझे फारसे बिघडवले नव्हते. जे काही बिघडले ते त्याच्या दुसऱ्या दिवशी.

आरंभशूर हा शब्द बहुधा माझ्यासारख्यांना पाहूनच घडला असावा. एकदा मी व्यायामशाळेची वर्षभराची वर्गणी एकरकमी भरली, कारण पैसे गुंतले की पाय आपोआप तिकडे वळतील असा माझा हिशेब होता. पहिल्या दिवशी पाऊण तास घाम गाळला, संध्याकाळी अंग हलके वाटले, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच व्यायाम केला, आणि तिसऱ्या दिवशी कठड्याला धरून एकेक पायरी जिना उतरावा लागला. सवय नसलेल्या स्नायूंना ताण दिल्यावर येणारे दुखणे लगेच जाणवत नाही. साधारण २४ ते ७२ तासांच्या दरम्यान ते सर्वांत जास्त असते. नवख्या माणसाची फसगत होते ती येथेच, कारण पहिल्या संध्याकाळचा उत्साह खरा असतो आणि त्याची पावती मात्र दोन दिवसांनी हातात पडते. त्या व्यायामशाळेत मी जेमतेम सात आठवडे गेले. उरलेले दहा महिने तिच्यावरून जायची वेळ आली की मी समोरच्या पदपथावरून, मान वळवून जात असे.

वेळ नाही ही माझी ठरलेली सबब होती आणि ती निखालस खोटीही नव्हती. नोकरी, शाळेत जाणारा मुलगा, औषधांच्या वेळा सांभाळाव्या लागणारी आई आणि घरी आल्यावरही न थांबणारे कामाचे फोन, यांतून रोजचा एक मोकळा तास काढणे मला खरोखरच शक्य नव्हते. चूक होती ती तासाच्या कल्पनेत. व्यायाम म्हणजे कपडे बदलून, कुठेतरी जाऊन, घामाघूम होऊन, आंघोळ करून परत येण्याचा सव्वा-दीड तासाचा कार्यक्रम, असे मी गृहीत धरले होते, आणि तेवढा वेळ न मिळाल्यास काहीही न करणे हाच तर्कशुद्ध निर्णय ठरत होता.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेची किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस शारीरिक हालचाल, आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम सुचवला आहे. १५० मिनिटे सात दिवसांत वाटली तर रोजची २१-२२ मिनिटे होतात. मध्यम तीव्रता म्हणजे तरी काय, तर चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतका दम लागणे. मला त्याहून महत्त्वाचा वाटला तो दुसराच बदल: २०१० च्या मार्गदर्शनात हालचाल एका वेळी किमान दहा मिनिटे तरी सलग असावी अशी अट होती, ती २०२० मध्ये काढून टाकण्यात आली. चार मिनिटांचा जिनाही आता हिशेबात धरला जातो. ही अट निघाली आणि ‘आज काही जमणार नाही’ या वाक्याचा आधारच गेला.

जिन्यावरून आठवले. शारीरिक श्रम आणि हृदयविकार यांच्या संबंधाचा एक फार जुना अभ्यास लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरचा आहे. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली असे दाखवले की दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांच्या तुलनेत, सतत वरखाली जिना चढणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी होते. पुढे त्याच मंडळींनी गणवेशांची मापे तपासली तेव्हा चालकांच्या विजारी कंबरेला अधिक रुंद निघाल्या, त्यामुळे सगळे श्रेय जिन्याला देता येणार नाही, हे मान्य. मला त्या वाहकांचे कौतुक वाटते ते वेगळ्याच कारणाने. आज जिना चढण्याची इच्छा आहे का, हा प्रश्न त्यांनी सकाळी उठून स्वतःला कधी विचारला नसणार. तिकिटे वरच्या मजल्यावर फाडायची होती, म्हणून ते वर जात होते.

मी मात्र हा प्रश्न स्वतःला रोज विचारत असे, आणि तोही पहाटे साडेपाचला, अंथरुणात. त्या वेळी त्याचे उत्तर काय येणार हे सांगायला नको. प्रेरणा कमी पडते असे वाटून मी ती वाढवण्याच्या मागे लागले. रात्री झोपण्यापूर्वी प्रेरणादायी चित्रफिती पाहण्यात जितका वेळ घालवला, तितक्यात रोजचा व्यायाम दोनदा झाला असता. याच संदर्भात ब्रिटनमधील विद्यार्थ्यांवर झालेला आणि २००२ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. एका गटाला काहीच विशेष सांगितले नाही, दुसऱ्या गटाला व्यायामाचे हृदयासाठी असलेले महत्त्व पटवून देणारा मजकूर वाचायला दिला, आणि तिसऱ्या गटाला तोच मजकूर देऊन शिवाय पुढील आठवड्यात कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोठे व्यायाम करणार हे लिहून द्यायला सांगितले. आठवड्यातून निदान एकदा व्यायाम करणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात ३८ टक्के, दुसऱ्यात ३५ टक्के आणि तिसऱ्यात ९१ टक्के होते. नुसत्या पटवण्याने काडीचाही फरक पडला नाही. अर्थात आठवड्यातून एकदाचा व्यायाम म्हणजे काही फार मोठी मजल नाही, आणि विद्यार्थ्यांच्या आयुष्यात मध्येच कोणी ताप घेऊन घरी येत नाही, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

तरीही मी दिवस, वेळ आणि जागा ठरवली. मुलाला शाळेच्या बसमध्ये बसवायला मी रोज सकाळी कोपऱ्यापर्यंत जाते. तेथून घरी न परतता तशीच पुढे झपझप चालत निघायचे, असा नेम केला. यात खुबी अशी की बूट पायात असतात, दार मागे लागलेले असते आणि ठरवण्यासारखे काही उरलेले नसते. तीन महिने हा नेम इतका सुरळीत चालला की मी स्वतःलाच शिस्तप्रिय समजू लागले. मग शाळेला सुट्टी लागली. बस बंद झाली, कोपऱ्यापर्यंत जाणे बंद झाले आणि त्याबरोबर माझे चालणेही, एका दिवसात, काहीही ठरवलेले नसताना बंद झाले. रोजनिशीत तेथे सलग एकोणीस दिवस कोरे आहेत. शिस्त माझी नव्हती, शाळेच्या बसची होती!

हा उपहास मी स्वतःवर करते आहे, पण त्या एकोणीस दिवसांनी मला जितके शिकवले तितके त्याआधीच्या तीन महिन्यांनी शिकवले नव्हते. नेम एका खुंटीला टांगला की ती खुंटी निखळणारच. मुलाची सुट्टी, कामाची बदललेली पाळी, घरातले आजारपण, पाहुणे, पाऊस, काहीही पुरते. म्हणून आता मी दोन खुंट्या ठेवल्या आहेत. सकाळचे चालणे हुकले तर संध्याकाळी कामावरून आल्यावर, खाली बसण्यापूर्वी, दहा मिनिटे भिंतीला हात टेकून जोर आणि खुर्चीवरून उठबस करीत बैठका. ‘खाली बसण्यापूर्वी’ हे शब्द मी मुद्दाम लिहिले आहेत, कारण एकदा टेकले की त्या दिवसाचा निकाल लागलेला असतो. हे जोर आणि बैठका मी आठवड्यातून दोनदा सकाळचे चालणे झाले असले तरीही करते. तिशीनंतर स्नायू दर दशकात साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटत जातात आणि साठीनंतर ही घट आणखी वेगाने होते. आईला जमिनीवरून उठताना दोन्ही हात टेकावे लागतात हे रोज पाहत असल्याने मला त्यासाठी आकडेवारीची तशी गरज नव्हती.

सवय २१ दिवसांत लागते असे आपण सर्वांनी कोठे ना कोठे ऐकलेले असते. या समजुतीचा माग एका प्लास्टिक सर्जनने १९६० साली नोंदवलेल्या निरीक्षणापर्यंत जातो. चेहऱ्यातील बदलासारखी गोष्ट अंगवळणी पडायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात असे त्याला दिसले होते. पुढे त्यातला ‘किमान’ गळून पडला आणि चेहराही गळून पडला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी ९६ जणांना रोजची एकेक नवी कृती निवडायला सांगून बारा आठवडे त्यांचा मागोवा घेतला, तेव्हा ती कृती आपोआप घडू लागण्याचा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला आढळला (बारा आठवड्यांपलीकडचे आकडे गणिताने काढलेले अंदाज आहेत). मध्यक, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी आणि निम्म्यांना त्याहून जास्त लागलेला काळ, ६६ दिवसांचा होता, आणि खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा व्यायामाच्या सवयींना बराच जास्त वेळ लागत होता. त्याच अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष मी रोजनिशीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे: मध्येच एखादी संधी चुकल्याने सवय घडण्याच्या प्रक्रियेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

हे वाचले आणि मी मोबाईलमधले एक ॲप काढून टाकले. किती दिवस सलग व्यायाम केला याची साखळी ते दाखवत असे, आणि एकेचाळीसाव्या दिवसानंतर आईला रात्रभर दवाखान्यात सोबत करावी लागल्याने माझी साखळी तुटली, तेव्हा त्याने निर्विकारपणे शून्य दाखवले. एकेचाळीस दिवसांत पायांत आलेली ताकद एका रात्रीत शून्य झालेली नसते, हे मला कळत होते, पण त्या शून्याकडे पाहून बूट घालवेनात. रोजच्या दहा हजार पावलांबद्दलही माझी तक्रार अशीच आहे. तो आकडा कोणत्या वैद्यकीय प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमापकाचे नावच मुळी ‘दहा हजार पावलांचे यंत्र’ या अर्थाचे होते, आणि तेथून तो जगभर गेला. आकडा वाईट नाही. पण दिवसभरात सात हजार पावले चाललेली बाई रात्री स्वतःला नापास ठरवून झोपत असेल, तर तो तिच्या काय कामाचा?

आता खाड्यानंतरच्या दिवसासाठी माझा एक निराळा, सोपा नेम आहे. त्या दिवशी अर्धाच व्यायाम करायचा. चुकलेल्या दिवसाची भरपाई करायची नाही, दुप्पट चालायचे नाही, कारण भरपाईच्या विचारानेच पुढचा दिवस जड होतो आणि तोही चुकतो. खंड मोठा असेल तर अर्ध्याहूनही कमी करायचा. याला शरीराच्या बाजूनेही आधार आहे: दोन-तीन आठवडे व्यायाम बंद राहिला की दमसास लवकर उतरतो, स्नायूंची ताकद त्या मानाने बरीच टिकून राहते, त्यामुळे परतल्यावर पाय म्हणतात चल आणि छाती म्हणते थांब, अशी स्थिती होते. अशा वेळी पायांचे ऐकणे धोक्याचे. गेल्या वर्षी ताप येऊन गेल्यावर मी चौथ्याच दिवशी पूर्ण अंतर चालायला गेले आणि पुढचे तीन दिवस पुन्हा अंथरुणात काढले. त्यानंतर आजारपणाचा खंड मी खाड्यात मोजतच नाही. ती रजा आहे, आणि ती डॉक्टरांना विचारून संपवायची.

सोबतीबद्दल बरेच चांगले बोलले जाते. माझा अनुभव मिश्र आहे. शेजारची मैत्रीण काही महिने बरोबर येत असे आणि ती वाट पाहत असेल या एका विचाराने मी अनेकदा उठले. परंतु तिला यायला जमले नाही त्या दिवशी मीही गेले नाही, आणि असे दिवस दोघींचे मिळून फार होऊ लागले. घरच्यांची गोष्ट त्याहून नाजूक आहे. सकाळी मी बाहेर असताना आईची गोळी आणि मुलीचा डबा पाहायचा कोणी, हे जोवर स्पष्ट ठरले नव्हते, तोवर चालताना माझे अर्धे लक्ष घड्याळाकडे असे. मी थोडा वेळ जाऊन येऊ का, असे विचारणे सोडून, आठ ते साडेआठ मी घरी नाही, असे एकदाच सांगितले. नवऱ्याने दोन दिवस गोळ्या शोधल्या, तिसऱ्या दिवशी त्या कोठे असतात ते त्याला पाठ झाले.

काल रात्री काम संपायला अकरा वाजले. सकाळीही बैठक असल्याने चालणे राहून गेले होते, आणि घरी आल्यावर मी सरळ खुर्चीत बसले, म्हणजे दुसरी खुंटीही गेली. आज शाळेची बस पाच मिनिटे उशिरा आली. तिची वाट पाहताना मनात एकदा ‘आज राहू दे’ येऊन गेले. मग बस गेली, मी दहा मिनिटे चालले, नेहमीच्या वळणापर्यंत न जाता मधूनच परत फिरले, आणि घरी येऊन पेन्सिल शोधली.