मोकळी ठेवली म्हणून

कलम 127 ची नोटीस आली की नगरपरिषदेत आधी एकच गोष्ट बघतात, ती कशी परत पाठवता येईल. सातबाऱ्यावर बहिणींची नावं आहेत आणि सही एकट्या भावाची आहे? परत. मालकीचे कागद जोडलेले नाहीत? परत. गुरुजींची पहिली नोटीस अशीच परत गेली होती, मी त्या गावात बदलून यायच्या आधी. मग त्यांनी दोन्ही बहिणींकडून हक्कसोडपत्र करून घेतलं, फेरफार मंजूर करून घेतला आणि 2021 मध्ये पुन्हा नोटीस दिली. निवृत्त प्राथमिक शिक्षक. दुसऱ्या नोटिशीत शुद्धलेखनाचीसुद्धा चूक नव्हती.

ज्यांचा या खात्याशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शहराच्या विकास योजनेत एखाद्या जमिनीवर आरक्षण पडलं, म्हणजे बाग, शाळा, मंडई, क्रीडांगण असं काही, की मालकाला तिथे दुसरं काही बांधता येत नाही. जागा मात्र त्याच्याच नावावर राहते. योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत ती कोणी घेतली नाही, तर 1966 च्या नगर रचना अधिनियमातल्या या कलमाखाली तो सांगू शकतो, की घ्या, नाहीतर सोडा. मग घ्यायला पूर्वी बारा महिने मिळत, 2015 च्या दुरुस्तीनंतर चोवीस मिळतात. मुदत दुप्पट झाली, नगरपरिषदेची तिजोरी होती तेवढीच आहे.

मी नगर रचनाकार. लोकांना वाटतं आम्ही शहरं आखतो. आमचा बहुतेक दिवस झोन दाखले, भाग नकाशे आणि ऑनलाइन आलेल्या बांधकाम परवानग्यांत जातो. त्यातली निम्मी भांडणं नियमांची नसतात, रेषांची असतात. आर्किटेक्टच्या ड्रॉइंगमध्ये पार्किंगच्या चौकोनाची एक रेष दुसरीला टेकलेली नसली की संगणक तो चौकोन मोजतच नाही, आणि आठ गाड्यांची जागा असलेली इमारत शून्य पार्किंगची म्हणून अडते. मालक समजतो, मॅडमनी अडवलं.

गुरुजींची फाईल माझ्या टेबलावर आली तेव्हा चोवीसातले बरेचसे महिने उलटून गेले होते. गट छत्तीस गुंठ्यांचा, आरक्षण क्रीडांगणाचं, योजना मंजूर 2009 ची. फाईलमध्ये टिपण्यांचा ढीग होता आणि एकही टिपणी 'सादर', 'चर्चा करावी' याच्या पुढे गेलेली नव्हती. आमच्या अभियंत्यांनी एक शक्कल काढून ठेवली होती. आरक्षणाची हद्द आणि गटाची हद्द नीट जुळत नाही, तेव्हा मोजणी पुन्हा मागवू, तोवर मुदतीचं बघता येईल.

हद्द जुळत नव्हती हे खरंच. पण ती का जुळत नाही, हे बघायचे कष्ट कोणी घेतले नव्हते. आमचा विकास योजनेचा नकाशा 1:4000 चा. त्यावर एक मिलिमीटर जाडीची रेष जमिनीवर चार मीटरची होते, म्हणजे एखाद्याची अख्खी खोली त्या रेषेच्या पोटात मावते. त्यात जुना कागद दमटपणाने ताणलेला, त्यावरून काढलेली झेरॉक्स आणखी वाकडी. नवीन मुलं असा नकाशा स्कॅन करतात, दोन कोपरे पकडून मोजणी नकाशावर चढवतात आणि उरलेला भाग कुठे का सरकेना, बघत नाहीत. मी असं करत नाही. गाव नकाशा, गट नकाशा आणि मोजणीची 'क' प्रत, म्हणजे मोजणी झाल्यावर मिळणारा अधिकृत नकाशा, घेतली. तीन गट जिथे मिळतात तो एक कोपरा, सार्वजनिक विहीर, ओढ्यावरचा जुना मोरीपूल आणि रस्त्याचा एक तिठा असे चार बिंदू पकडले. ते कागदावर आहेत आणि जमिनीवरून हललेलेही नाहीत. चारही बिंदू एका वेळी बसेपर्यंत नकाशा फिरवत राहिले. बसल्यावर आरक्षणाची पूर्वेची रेष गटाच्या बाहेर गेलेली दिसली, अडीच मीटरभर. त्या पट्ट्यात दोन घरांच्या मागच्या मोऱ्या आणि एक संडास होता. काटेकोर बोलायचं तर क्रीडांगणाच्या आरक्षणात अतिक्रमण होतं, आणि ते गुरुजींचं नव्हतं.

हे प्रत्यक्ष बघायला स्थळपाहणी ठेवली. नोटीस काढून, रोव्हर (उपग्रहावरून जागेचे बिंदू मोजणारं यंत्र) घेऊन, भूमी अभिलेखचा माणूस बरोबर घेऊन.

गुरुजी आमच्या आधी येऊन थांबलेले. हातात छत्री आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत फाईल. मैदानात पोरांचं क्रिकेट चाललेलं, स्टंपांच्या जागी सिमेंटचा पाईप. आम्ही पहिला बिंदू घेतोय तोवर आजूबाजूच्या घरांतून माणसं बाहेर आली आणि बघता बघता पन्नासेक जमली. निवेदन आधीच तयार होतं, 'क्रीडांगण वाचवा', खाली सह्या. ज्यांच्या मोऱ्या आरक्षणात होत्या त्या दोघांच्याही.

एक बाई पुढे झाल्या. "मॅडम, ही जागा गेली तर पोरांनी खेळायचं कुठं? हायवेवर?"

प्रश्न रास्त होता. त्या भागात खरोखर दुसरी जागा नाही. चारी बाजूंना गुंठेवारी. नव्वदच्या दशकात शेतकऱ्यांनी वावरं गुंठा-दोन गुंठ्यांत पाडली, शंभरच्या स्टॅम्पवर नोटरी करून विकली, आणि सूतगिरणीतले कामगार, एसटीचे कंडक्टर, हमाल यांनी तिथे घरं बांधली. त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. गावात बिनशेती प्लॉट त्यांना परवडणारे नव्हतेच. 2001 साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला, प्रशमन शुल्क भरून त्यातली बरीच घरं कायदेशीर झाली. पुढे 2021 मध्ये तारीखही पुढे ढकलली, 31 डिसेंबर 2020 पर्यंतचं सगळं आत घेतलं. आपल्याकडे शेवटची तारीख ही नेहमीच शेवटून दुसरी असते.

गुरुजींनी मात्र तेव्हा तुकडे पाडले नव्हते. त्यांना रीतसर हवं होतं. आधी बिनशेती, मग मंजूर रेखांकन, म्हणजे प्लॉट आणि रस्ते पाडलेला नकाशा, मग दोन मुलांना दोन घरं. पैसे जमवून त्यांनी अर्ज केला 2006 मध्ये, आणि तोवर प्रारूप योजना प्रसिद्ध झालेली. त्यांच्या गटावर हिरवा रंग, म्हणजे क्रीडांगणाचं आरक्षण.

गर्दीतला एक जण गुरुजींचाच विद्यार्थी निघाला. चाळिशीचा, रिक्षा चालवतो. त्याने वाकून नमस्कार केला आणि मग अगदी मनापासून म्हणाला, "गुरुजी, तुमी बी तवाच बांधून टाकायला पायजे हुतं. आमी काय परवानगी घेतली हुती?"

त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच वाईट वाटत होतं. गुरुजी म्हणाले, "अरे, मी तुम्हाला नागरिकशास्त्र शिकवायचो." दोघंही हसले. मी रोव्हरच्या स्क्रीनकडे बघत राहिले, कारण त्या वाक्याला उत्तर द्यायचं असेल तर ते तिथे उभ्या असलेल्यांपैकी माझ्याच खात्याने द्यायला हवं होतं.

विकास योजना करताना आधी विद्यमान जमीन वापराचा नकाशा करतात. सर्वेक्षणाची माणसं गल्लोगल्ली फिरून जे दिसेल ते नोंदवतात. घर दिसलं, पिवळा रंग. कारखाना दिसला, जांभळा. मोकळं दिसलं तर मोकळं. घर परवानगीने उभं आहे की बिनपरवाना, हे त्या नकाशाला विचारत नाहीत. मग लोकसंख्येवरून हिशेब होतो, की इतकी मैदानं, इतक्या शाळा हव्यात, आणि त्या ठेवायच्या कुठे, तर जिथे मोकळं आहे तिथे. घरं पाडून मैदान करा म्हणणारा नगर रचनाकार एका गावात दुसऱ्यांदा दिसत नाही. याला आमच्यात व्यवहार्यता म्हणतात.

ऑफिसला आल्यावर मी 2006 च्या हरकतींचं दप्तर काढलं. गुरुजींची हरकत तीस दिवसांच्या मुदतीत आलेली होती, सुनावणीही झाली होती. नियोजन समितीचा शेरा दोन ओळींचा: परिसरात अन्य मोकळी जागा उपलब्ध नसल्याने विनंती मान्य करता येत नाही. पुढच्या मागच्या कित्येक हरकतींवर हाच शेरा होता, फक्त गट नंबर बदललेला.

मग मी एक हिशेब केला. तो कोणी मागितला नव्हता. आपल्या नियमांत चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचं रेखांकन केलं तर दहा टक्के जागा खुली सोडावी लागते. गुरुजींच्या गटाला लागून असलेले, गुंठेवारी झालेले गट मी सातबाऱ्यावरून बेरजेला घेतले. सगळे एकरा-दीड एकराच्या वरचे, म्हणजे प्रत्येकाला हा नियम लागू झाला असता. बेरीज आली साडेनऊ एकर. त्याचे दहा टक्के अडतीस गुंठे.

गुरुजींची जमीन छत्तीस.

दोन गुंठ्यांचा फरक. साडेनऊ एकरांत तुकडे पाडून विकणाऱ्यांनी जेवढी मोकळी जागा सोडायला हवी होती, जवळजवळ तेवढीच, एका शेजाऱ्याकडून वसूल करायची योजना आम्ही मंजूर केली होती. ज्यांनी जमिनी विकून पैसे केले ते शेतकरी केव्हाच मोकळे झाले. ज्यांनी घरं घेतली त्यांनी शुल्क भरलं. ते शुल्क खरं तर अशाच सोयींसाठी असतं, पण गटारी आणि पथदिवे यांतच संपून गेलं. उरले गुरुजी.

हा हिशेब मी अभिप्रायात जोडला. आणि तीन रस्ते लिहिले. पहिला टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात पैशांऐवजी मिळणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. दाटीच्या भागाबाहेर क्षेत्राच्या दुप्पट मिळतो आणि नगरपरिषदेचा एक रुपया जात नाही. पण आमच्या गावात तीन मजल्यांच्या वर कोणी बांधत नाही, तिथे टीडीआर विकत कोण घेणार? गुरुजींनी तो लेखी नाकारला आणि ते बरोबरच होतं. दुसरा, वाटाघाटीने खरेदी. तिसरा, 2013 च्या कायद्याखाली भूसंपादन, म्हणजे बाजारमूल्य आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम. पैसे दोन्हीकडे लागणार, फक्त कमी-जास्त. कर्मचाऱ्यांचे पगार उशिरा होणाऱ्या नगरपरिषदेत मी हे लिहीत होते याची मला कल्पना होती. तरी त्या भागाच्या गुंठेवारी शुल्काचं वेगळं लेखाशीर्ष करून त्यातून हप्त्याने रक्कम उभी करावी, असंही सुचवलं.

त्या काळात निवडून आलेलं सभागृह नव्हतं, मुख्याधिकारीच प्रशासक होते. माणूस वाईट नाही, दिवसाला तीन व्हिडिओ कॉन्फरन्स आणि पाच मोर्चे झेलणारा. त्यांनी अभिप्राय पूर्ण वाचला, हे मी मान्य करते. मग विचारलं, "मॅडम, मुदत संपायच्या आत जिल्हाधिकाऱ्यांना भूसंपादनाचं एक पत्र टाकून दिलं तर? कार्यवाही सुरू केली असं दाखवता येईल."

हे पत्र राज्यातल्या बऱ्याच नगरपरिषदा टाकतात. गिरनार ट्रेडर्सच्या प्रकरणात 2007 सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलंय, की नुसते ठराव आणि पत्रव्यवहार म्हणजे संपादनाची पावलं नव्हेत. पत्र टाकून होतं एवढंच, की मालक उच्च न्यायालयात जातो, वकिलाची फी भरतो, आणखी काही वर्षं घालवतो आणि जिंकून परत येतो. मी तसं टिपणीत लिहिलं. काही जणांना ते उद्धटपणाचं वाटलं. मुख्याधिकाऱ्यांनी पत्र टाकलं नाही. पैशांची तरतूदही केली नाही. मुदत संपली, प्रस्ताव शासनाकडे गेला, आरक्षण व्यपगत झाल्याची, म्हणजे आपोआप संपल्याची, अधिसूचना राजपत्रात आली आणि गट लगतच्या क्षेत्राप्रमाणे रहिवास वापराला मोकळा झाला. कायदा जसा चालायला हवा तसाच चालला.

निवेदन देणाऱ्यांनी मोर्चा काढला. माझं नाव घेऊन घोषणा झाल्या, बिल्डरकडून किती घेतले वगैरे. हे आमच्या नोकरीत धरूनच चालावं लागतं. त्या मोर्चात आरक्षणात मोरी असलेले दोघंही होते.

गुरुजींच्या मुलांना तोवर गावात राहायचं नव्हतं, एक पुण्यात, एक हैदराबादला. त्यांनी जमीन विकसनाला दिली. पुढच्या वर्षी कुलमुखत्यारधारकाने रेखांकनाचा प्रस्ताव टाकला. नऊ मीटरचा अंतर्गत रस्ता, दोन्ही बाजूंना प्लॉट. खुली जागा शून्य. मी नियम पुन्हा उघडून बघितला, जरी तो मला पाठ आहे. छत्तीस गुंठे म्हणजे साडेतीन हजार चौरस मीटरच्या थोडं वर. चार हजारांच्या आत. दहा टक्क्यांची अट लागूच होत नाही. रस्त्याच्या वळणाच्या त्रिज्येवर एक त्रुटी काढली, ती त्यांनी दुरुस्त केली, आणि मी मंजुरीची शिफारस केली. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

आता विकास योजनेच्या पुढच्या सुधारणेची जुळवाजुळव चालू आहे आणि जमीन वापराच्या सर्वेक्षणाच्या कामाचा मसुदा माझ्याकडे आलाय. त्यात मी एक रकाना वाढवला: प्रत्येक मोकळ्या गटासमोर, लगतच्या गुंठेवारीत न सोडलेल्या खुल्या जागेचं क्षेत्र. आरक्षण टाकायच्या आधी निदान तो आकडा समितीच्या डोळ्यांसमोर यावा आणि त्या भागातून जमा झालेलं शुल्क त्या आकड्याशी बांधलं जावं, एवढंच. विभागीय कार्यालयातून मसुदा परत आला. बाकी सगळं मान्य, हा रकाना विहित नमुन्यात नसल्याने वगळावा. मी कारणं लिहून तो पुन्हा घालून पाठवलाय. साडेनऊ एकरांचा हिशेब परिशिष्ट म्हणून जोडलाय, गट नंबरांसकट.