मागच्या चाकांची हवा

वाळूत शिरायचं तर टायरची हवा कमी करायची, एवढं आता बहुतेकांना माहीत असतं. किती कमी, कुठल्या चाकाची आणि परत कधी भरायची, इथे गाड्या अडकतात. आमची अडकली त्याला बरेच दिवस झाले, पण तो हिशेब डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

माझं काम माती तपासायची सामग्री जागेवर पोचवायचं. त्या दिवशी दोन फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणाऱ्या, पिकअप होत्या. पुढची माझ्याकडे, तिच्यात माणसं. मागचीच्या हौद्यात ड्रिलिंगच्या दांड्या आणि पाण्याची टाकी, मिळून सातशे-आठशे किलो. वाटेत नदीचं कोरडं पात्र, आणि पात्र संपतं तिथूनच दगडांची खडी चढण.

डांबरी सोडली तसं इंजिनिअरसाहेब म्हणाले, "सगळी चाकं वीसवर आणा, हवेच्या तक्त्यात तसंच आहे." आकडा चुकीचा नाही. वाळूसाठी १५ ते २० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) हा सगळीकडे चालणारा अंदाज आहे. पण तक्ता ओझं विचारत नाही. पिकअप रिकामी असते तेव्हा तिचं मागचं अंग हलकं असतं, भरली की हौद्यातल्या ओझ्याचा जवळजवळ सगळा भार मागच्या आसावर जातो. म्हणून तर कित्येक पिकअपच्या दाराच्या खांबावरच्या पट्टीवर मागच्या चाकांसाठी रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे वेगळे आकडे असतात. ती पट्टी वाचणारे फार थोडे. शिवाय टायर तापलेले होते. डांबरीवर पळून आलेला टायर गार असतानापेक्षा चार-पाच पीएसआय जास्त दाखवतो. तापलेल्या टायरवर २० मोजलं, तर गार झाल्यावर तेच १७ च्या आसपास भरतं.

मी माझी चारही चाकं १८ वर आणली. मागच्या गाडीला पुढे १८, मागे २२ सुचवलं. तिच्या ड्रायव्हरचा जीव ओझ्यात अडकलेला. त्याने मागची चाकं ३० वरच ठेवली. भरलेल्या गाडीची हवा सोडायची म्हटलं की ड्रायव्हर लोकांच्या पोटात गोळा येतो, आणि इंजिनिअर लोकांचा तक्त्यावर विश्वास. दोघांचंही अर्धंच खरं.

माझी गाडी पार झाली. मागची अर्ध्या पात्रात बसली. चाकं जागच्या जागी फिरून खड्डे खणत होती, मागचा आस वाळूला टेकायला आला होता. त्याने वेळीच पाय काढला, हे त्याचं चांगलं.

हवा सोडली की टायर रुंद होतो असं लोकांना वाटतं. खरं तर तो मुख्यतः लांबीला पसरतो. एका चाकावर ६०० किलो भार असेल तर ४० पीएसआयला जमिनीला टेकणारा भाग साधारण २१० चौरस सेंटिमीटर भरतो, २० ला हिशेबाने त्याच्या दुप्पट. साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, स्वतः थोडा भार उचलते, म्हणून प्रत्यक्षात जरा कमी. चाक वाळू कापायचं सोडून वाळूवर चढतं ते या लांबीमुळे.

मी म्हटलं, "साहेब, आधी बावीस करून बघू." ते म्हणाले, "आता खेळ नको, अठरा करा." मागची दोन्ही चाकं १८ वर आणली, चाकांपुढची वाळू ओढून काढली, आणि गाडी लो रेंजमध्ये, म्हणजे जास्त ओढीच्या संथ गिअरमध्ये, पहिल्याच दमात निघाली. साहेबांचा चेहरा खुलला. त्या क्षणी मलाही बरंच वाटलं.

काठावर मी कंप्रेसर काढला. आमचा लहान, बॅटरीवरचा. १८ वरून ३० ला न्यायला प्रत्येक टायरला चार-पाच मिनिटं घेतो. उजेड उतरत होता. "वर गेल्यावर भरू," साहेब म्हणाले. मागच्या दोन चाकांची दहा मिनिटं वाचली.

चढणीच्या दुसऱ्याच पायरीला भरलेल्या गाडीचं मागचं डावं चाक एका धारदार दगडावर आदळलं आणि फस्सकन बसलं. साइडवॉलला चीर. तिथे पंक्चर काढता येत नाही, टायर गेला म्हणजे गेला. उतारावर, भरलेल्या गाडीखालून स्टेपनी काढायची म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. आधी दांड्या उतरवाव्या लागल्या. सगळं होईतो अंधार झाला.

अहवालात कारण लागलं: "धारदार दगड". मला ते पटत नाही. मी बॅटरीच्या उजेडात चाक फिरवून पाहिलं होतं. चिरेच्या अगदी समोर रिमची कड नखाएवढी आत वाकली होती, आणि वाकल्या जागी धातू ताजा चकाकत होता. म्हणजे रिम रबरासकट दगडावर बसली, रबर दोघांच्या मध्ये चेंगरलं. दगड धारदार होताच, पण ३० ची हवा असती तर रिम तिथवर उतरलीच नसती. नुसत्या दगडाने कापलं असतं तर कडेला ती खूण कशाला उमटली असती?

अहवालात हवेचा रकाना एकच आहे. चार चाकांना एक आकडा. मी त्याच्या शेजारी जागा करून चारही लिहिले, गार असताना आणि तापल्यावर.

वाळूत मात्र साहेबांचे १८ चालले, हे मी नाकारत नाही. २२ ला ती गाडी निघाली असती का, हे तिथे कुणी पाहिलंच नाही. २२ वरून पुढे ३० ला जायला वेळही कमी लागला असता, मग कदाचित "वर गेल्यावर भरू" म्हणायची वेळच आली नसती. त्या वाटेने पुन्हा जायचंय. ओझं तेवढंच असेल, आणि मागची चाकं आधी २२ ला लावून बघणार आहे.