जुम्माराचे सोंडे : झिंगारोतली वर्षभराची नोंद

गेल्या ऑक्टोबरात ठरवलं होतं, वर्षभर एकाच पायवाटेवर जायचं. 'आज नवीन काय दिसलं' ही हाव सोडायची आणि एका झाडाचा पिच्छा पुरवायचा. झाड म्हणजे बुटका ताड, कॅमेरॉप्स ह्युमिलिस. इटलीच्या सिसिली बेटावर जुनी माणसं त्याला जुम्मारा म्हणतात. त्याच्यावर राहणारा किडा म्हणजे डेरेलोमस, तांदळाच्या कणीएवढा पिवळट तपकिरी सोंड्या. आपल्याकडे तांदळाच्या डब्यात होतात त्या सोंड्यांचाच हा लांबचा भाऊबंद. नर झाडावर आणि मादी झाडावर, दोन्हीकडे त्याचा स्पष्ट फोटो मिळवायचा, एवढंच लक्ष्य. अर्धंच जमलंय. जे जमलं नाही त्याचीच गोष्ट जास्त मोठी आहे.

नवीन आलेल्यांसाठी जागेबद्दल थोडं. झिंगारो हे राखीव क्षेत्र सिसिलीच्या वायव्य टोकाला, स्कोपेल्लो आणि सान व्हितो लो कापो या दोन गावांच्या मध्ये आहे. साधारण सात किलोमीटर किनारा, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला चुनखडीचे कडे. स्कोपेल्लोकडून आत शिरताना एक बोगदा लागतो. किनाऱ्याने रस्ता काढायचा बेत होता, त्याचा तो उरलेला तुकडा. १८ मे १९८० रोजी हजारो लोक इथून चालत गेले आणि रस्ता नको म्हणाले. पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, सिसिलीतलं हे पहिलं निसर्ग राखीव क्षेत्र झालं. दर खेपेला त्या बोगद्यातून जाताना मला बरं वाटतं. अर्धवट सुटलेलं सरकारी काम बघून बरं वाटण्याचे प्रसंग आयुष्यात फार येत नाहीत.

ऑक्टोबर ते जानेवारी

चौदा झुडपं निवडली. खूण म्हणून काही बांधलं नाही (आणि कोणी बांधूही नये), प्रत्येकाचा दगडांसकट फोटो काढून वहीत नकाशा केला. कंबरेएवढी उंची, पंख्यासारखी पानं, देठांना काटे. युरोपात मूळची असलेली ताडकुळातली झाडं दोनच. दुसरं क्रीटकडचं खजुराचं.

पहिली अडचण लगेच आली. जुम्मारात नर वेगळा, मादी वेगळी आणि फुलं नसताना दोघं सारखेच दिसतात. ऑक्टोबरात पिकलेली तपकिरी फळं लगडली होती त्या पाच माद्या, एवढं नक्की झालं. त्या फळांना खवट लोण्यासारखा वास येतो. माणसाला नकोसा, कोल्ह्याला प्रिय. पायवाटेवरच्या कोल्ह्याच्या विष्ठेत त्याच बिया दिसत होत्या. उरलेल्या नऊंबद्दल वहीत नुसतं प्रश्नचिन्ह.

याच खेपांमध्ये समुद्रकांद्याचे शेवटचे तुरे मिळाले. ड्रिमिया मारिटिमा. पान एकही नाही, कोरड्या जमिनीतून उभा माणसाच्या छातीएवढा दांडा, आणि पांढरी फुलं खालून वर उमलत गेलेली. मधमाश्या आणि गांधीलमाश्यांची त्यावर झुंबड. दोन मिनिटं वाटलं की मी गुहागरच्या सड्यावर आहे. आपला कोळकांदा म्हणजे ड्रिमिया इंडिका, याचा सख्खा चुलतभाऊ. तोही पानांच्या आधी फुलतो. आपल्याकडे पाऊस जूनमध्ये, म्हणून तो उन्हाळ्यात फुलतो. इथे पाऊस शरदात, म्हणून हा ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत. कॅलेंडर उलटं, पण दोघांचंही म्हणणं एकच: फुलं उरकून घ्या, पाऊस आला की पानं काढू.

फेब्रुवारीचा शेवट

ऑफ्रिस ल्युटिया, पिवळी ऑर्किड. बोटभर उंच, पटकन पायाखाली येईल अशी. ऑफ्रिस गटाची युक्ती बहुतेकांना माहीत आहे: फूल मादी माशीच्या वासाची नक्कल करतं, नर फसतो, परागकण घेऊन जातो. ल्युटियाची गंमत वेगळी. तिच्यावर येणारा अँड्रिना माशीचा नर उलटा बसतो, डोकं बाहेर आणि शेपटाकडची बाजू फुलाच्या आत. त्यामुळे परागांच्या पिशव्या त्याच्या डोक्याला न चिकटता पोटाच्या टोकाला चिकटतात. मी पोटावर पडून दीड तास वाट पाहिली. माशी आली नाही. मान मात्र चार दिवस आखडली.

मार्च आणि एप्रिल

हा खरा हंगाम. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पिवळे तुरे दिसायला लागले आणि वहीतली प्रश्नचिन्हं एकेक करून पुसली: सात नर, दोन माद्या.

जुम्मारात किड्याला बोलावणारा वास फुलातून येत नाही, पानातून येतो. फुलोऱ्याच्या काळातच पानं तो वास सोडतात आणि सोंडे त्या मागावर येतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी २००३ साली हे दाखवून दिलं. मी नाक लावून पाहिलं. मला उन्हात तापलेल्या गवतापलीकडे काही कळलं नाही, पण आमंत्रण माझ्यासाठी नव्हतंच.

नर झाडावर सोंडे पहिल्याच दिवशी मिळाले. तुऱ्याच्या फटीत पाच-सहा, अंगभर पराग, एकमेकांवर चढलेले. वाऱ्यामुळे मॅक्रो लेन्सचा काही उपयोग नव्हता, प्रत्येक फोटो हललेला. शेवटी एका हाताने छत्री आडवी धरली आणि दुसऱ्या हाताने फोनला क्लिपवाली लेन्स लावून काढले. जे बरे फोटो आहेत ते सगळे फोनचे. लेन्सचे हप्ते अजून चालू आहेत, त्यावर बोलायला नको.

मादीवर मात्र तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी एका मादीच्या तुऱ्यात एक बारीक भुंगेरा दिसला. मी आनंदाने आयनॅचरलिस्टवर (निसर्गाच्या नोंदी टाकायची वेबसाइट) 'डेरेलोमस, मादी झाड' म्हणून टाकला. संध्याकाळपर्यंत एका जाणकाराने दुरुस्ती केली: सोंड कुठे आहे? खरंच नव्हती. तो मेलिगेथिनस गटातला, सोंड नसलेला छोटा भुंगेरा. मी ज्याला सोंड समजले होते तो मिशीचा तुकडा होता. हिरमुसले, पण मग वहीतला नकाशा उघडला आणि लक्षात आलं की ती मादी आगीच्या पट्ट्यातली आहे.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस झिंगारोत मोठा वणवा लागला. जुम्मारा असल्या आगीतून उठतो, कारण त्याचा कोंब जुन्या पानांच्या बुडख्यांत दडलेला असतो. काळं पडलेलं खोड आणि वर हिरवा पंखा, असं दृश्य अजून दिसतं. पण सोंड्याचं काय? त्याच्या अळ्या नर झाडाच्या वाळलेल्या तुऱ्याच्या दांड्यात वाढतात आणि पुढच्या वसंतात बाहेर पडतात. दांडा जळला की पिढी जळाली. स्पेनमध्ये जळलेल्या भागांचा अभ्यास झाला आहे, २०१८ साली प्रसिद्ध झालेला. आगीनंतर सोंडे घटले, पण त्याच ताडावर येणाऱ्या मेलिगेथिनसने परागीभवनाचं काम सांभाळलं, असं त्यात दिसलं. माझ्या एका फोटोवरून झिंगारोबद्दल काही सिद्ध होत नाही, हे कबूल. तरी चुकलेला फोटोच या वर्षातला माझा सगळ्यात आवडता ठरला.

आणि मादीवर सोंडे इतके कमी का दिसतात, याचं एक कारण आधी वाचायला हवं होतं. सोंडे मादीकडेही येतात, अंडीही घालतात. पण परागीभवन होऊन फळ धरायला लागलं की तिथे अळ्या जगत नाहीत. म्हणजे मादीकडची फेरी सोंड्यासाठी निव्वळ तोट्याची. पाहुण्याला बोलवायचं, काम करून घ्यायचं आणि वर पोरंही मारायची. एवढं होऊनही ते येतात, कारण वास दोघांचा सारखा आणि बाहेरून ओळख पटत नाही. मला कुठे पटत होती?

मे

एकच खेप. झाडासारखा वाढणारा युफोर्बिया लाल होऊन पानं गाळायला लागला. इथला उन्हाळा म्हणजे झाडांचा शिशिर.

जून ते ऑगस्ट

झिंगारोत गेले नाही. सावली नाही, पाणी नाही आणि पायवाटेवर समुद्रस्नानाची गर्दी. त्याऐवजी पालेर्मोत खुंट झालेले कॅनरी खजूर मोजत बसले. रस्त्याकडेचे मोठे ताड इथे लाल सोंड्याने खाल्ले. तो २००५च्या सुमारास सिसिलीत शिरला. मूळचा आपल्याकडचाच, दक्षिण आशियातला. गुहागरच्या काकांना फोटो पाठवला तर लगेच फोन.

"अगो, हा तर आपला सोंड्या भुंगा! तिकडे कसा पोचला?"

"झाडांबरोबर, काका. शोभेचे ताड आयात केले, त्यांतून."

"मग त्यांना सांग, माडाला जखम करू नका. जखमेच्या वासावर येतो तो मेला."

माडाच्या बागेत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाचं हे एक वाक्य. इथल्या पत्रकांतही शेवटी तेच लिहिलेलं असतं. काकांना मी माझ्या चिमुकल्या सोंड्याचेही फोटो दाखवले. "हा चांगला आणि तो वाईट? दोघांनाही सोंड आहे की," म्हणाले. पटवायला अर्धा तास गेला, आणि पटलं असं अजून वाटत नाही.

सप्टेंबर

आमच्या इमारतीच्या आवारात शोभेचे तीन जुम्मारा आहेत. एका सकाळी माळीबुवा त्यांचे वाळके तुरे छाटताना दिसले. कचराच तो, दिसतोही तसाच. पूर्वी या ताडाच्या पानांच्या टोपल्या आणि झाडू व्हायचे. माळीबुवांच्या आजीकडे तसा झाडू होता म्हणे. मी त्यांना शिंदीच्या केरसुणीबद्दल सांगितलं, लक्ष्मीपूजनाला तिला हळदकुंकू वाहतात हेही. त्यांनी खुशीने सगळे छाटलेले दांडे मला दिले आणि तिसरं झाड न छाटता सोडलं.

राखीव क्षेत्रातला दांडा मी कधीच तोडला नसता, पण हे कचऱ्यातले. एक उभा चिरला. आत भुशात वळून बसलेल्या तीन पांढऱ्या, बिनपायांच्या अळ्या. उरलेले अकरा दांडे काचेच्या बरणीत घातले, तोंडाला मलमल बांधली आणि बरणी बाल्कनीत सावलीला ठेवली. मार्चमध्ये बाहेर येतील ते आवारातल्याच झाडांवर सोडणार, त्याआधी फोटो.

व्हिडिओ कॉलवर आईला बरणी दिसली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तांदळाला सोंडे लागले की आम्ही उन्हात घालतो. तू बरणीत पाळतेस होय?"