चौथा नर : तुम्ही विचारलंत म्हणून

“नवीन आहे हे तुम्हाला कळलं कसं हो?”

लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न येतो, ट्रेनमध्ये समोरच्या सीटवरून येतो. आम्हाला हिमालयात भुंगेऱ्याची नवी प्रजाती सापडल्याची बातमी पेपरात आली त्या आठवड्यात दूधवाल्यानंही विचारला. “अनुभवानं कळतं” म्हणून आजवर मी सुटका करून घेतली. ते उत्तर खोटं आहे. अनुभवानं एवढंच कळतं की हा आपल्याला ओळखता येत नाहीये. आपल्याला न ओळखता येणारे भुंगेरे ढिगानं असतात, आणि त्यातल्या बहुतेकांना कुणीतरी शंभर वर्षांपूर्वीच नाव देऊन ठेवलेलं असतं.

फोटोत तो तुम्हाला अंगठ्याएवढा दिसला. प्रत्यक्षात दोन मिलिमीटर, मोहरीच्या दाण्याएवढा. तपकिरी, गोलसर, बिनपंखी. पानभुंगेऱ्यांच्या कुळातला पिसू-भुंगेरा. मागच्या मांडीत स्प्रिंगसारखा अवयव असतो, त्याच्या जोरावर उडी मारतो. (नाशिककडचे बागायतदार द्राक्षावरच्या ज्या भुंगेऱ्याला उडद्या म्हणतात, तोही पानभुंगेराच, पण या गटातला नव्हे, त्याच्या मांडीत ही स्प्रिंग नाही. निम्म्या लोकांचा पुढचा प्रश्न तोच असतो, म्हणून आधीच सांगितलं.) राहतो गढवालमध्ये, २,७०० मीटरच्या आसपास, खरसू नावाच्या ओकच्या बुंध्यावरच्या मॉसमध्ये. पंख नाहीत, त्यामुळे दरी ओलांडून पलीकडच्या धारेवर जाणं त्याला जवळपास अशक्य. म्हणून हिमालयात अशा भुंगेऱ्यांच्या धारेगणिक वेगळ्या प्रजाती असू शकतात. ‘असू शकतात’ हा शब्द लक्षात ठेवा. याच शब्दानं माझा घात केला.

जंगलात काहीच कळत नाही. तिथं मॉस हातानं सोडवायचं, सगळा बुंधा न सोलता, आणि आठ-दहा मिलिमीटरच्या जाळीच्या चाळणीत झटकायचं. खाली पडलेला भुगा कापडी पिशवीत भरून मुक्कामी आणायचा आणि फनेलमध्ये घालून वर बल्ब लावायचा. भुगा वरून सुकत जातो तसे किडे ओल शोधत खाली सरकतात आणि खालच्या अल्कोहोलच्या बाटलीत पडतात. घाई झाली की लोक मोठा बल्ब लावतात. मग भुगा तासाभरात कडकडीत वाळतो आणि भुंगेरे वाटेतच मरून चिकटून बसतात. लहान बल्ब, दोन-तीन दिवस, दुसरा उपाय नाही. शिवाय आधी वनखात्याची परवानगी. तो कागद आला नाही तर चाळणी बॅगेतून काढायचीसुद्धा नाही.

मग वाचन. भारतातल्या या गटाचा पाया कीटकशास्त्रज्ञ समरेंद्र मौलिक यांचा १९२६चा खंड, त्यानंतर शेरर यांचं १९६९चं जर्मन काम. जुन्या वर्णनांत रंग, चकाकी, पाठीवरचे ठिपके. बऱ्याच वेळा तेवढंच. ‘तपकिरी, चकचकीत, बारीक ठिपक्यांचा’ हे वर्णन माझ्या कपाटातल्या वीस भुंगेऱ्यांना लागू पडतं. म्हणून ज्या नमुन्यावरून नाव दिलं गेलं तो मूळ नमुनाच पाहावा लागतो, आणि हिमालयातल्या भुंगेऱ्यांचे मूळ नमुने लंडनच्या, स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या संग्रहालयांत असे विखुरलेले. जायला पैसे नसतील तर फोटो मागवायचे आणि ईमेलची वाट बघत बसायचं. “गुगल लेन्सवर टाकून बघा ना” असं सुचवणाऱ्यांना आता मी उत्तर देत नाही.

खरा निवाडा होतो नराच्या जननांगावर, म्हणजे इडीगसवर. हे ऐकून पंगतीत हसू फुटतं, फुटू दे. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन प्रजातींत तिथला आकार बहुतेक वेळा वेगळा निघतो. वाळलेला भुंगेरा दहा-पंधरा मिनिटं गरम पाण्यात ठेवून मऊ करायचा. सूक्ष्मदर्शकाखाली पोट अलगद सोडवायचं. दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ते पाच-दहा मिनिटं गरम केलं की आतलं मांस विरघळतं आणि कठीण भाग उरतात. जास्त वेळ ठेवलं तर सगळंच काचेसारखं पारदर्शक होतं आणि कडा दिसेनाशा होतात. मग टोक वाकवलेल्या बारीक टाचणीनं इडीगस ओढून काढायचा. आत तो कुशीवर पडलेला असतो, जोर केला की टोक मोडतं, आणि नेमकं टोकच पाहायचं असतं. आमच्या भुंगेऱ्यात हा अवयव जेमतेम ०.८ मिलिमीटरचा. एकदा टाचणीवरून उडाला की टेबलावर शोधायचा खेळ सुरू. अशा दिवशी पंखा बंद ठेवायचा, हे कुणी शिकवत नाही.

आता जे टाळत होते ते.

आमच्याकडे एकूण ११ नमुने होते, ४ नर आणि ७ माद्या. एकाच जंगलातले, एकाच दिवशीचे, बाहेरून हुबेहूब. नर ओळखणं सोपं, त्यांच्या पुढच्या पायांच्या पावलाचा पहिला सांधा रुंद असतो. शोधनिबंध नियतकालिकाकडे पाठवला तेव्हा त्यांतले दोन नर आणि दोन माद्या उघडून पाहिल्या होत्या. एक नर होलोटाइप, म्हणजे ज्याच्यावर नाव टांगलं जातं तो एकमेव नमुना. बाकीचे दहा पॅराटाइप, म्हणजे त्याच प्रजातीचे म्हणून सोबत नोंदवलेले. निबंध तपासणाऱ्या रिव्ह्यूअरनं एकच ओळ लिहिली होती: पॅराटाइपमधले सगळे नर उघडले आहेत का?

मला राग आला. धारेगणिक वेगळ्या प्रजाती असू शकतात, म्हणजे एका धारेवर एकच, असं मी धरून चालले होते. एका बुंध्यावरचं मॉस, एक दिवस, एकच रूप, मग वेगळे कसे असतील? प्रत्येक नमुना उघडायचा म्हणजे प्रत्येक वेळी तो बिघडण्याचा धोका पत्करायचा. हे सगळं उत्तरात लिहून झालं होतं, आणि लिहिलेलं मला पटतही होतं. पाठवण्याआधी, केवळ रिव्ह्यूअरचं तोंड बंद करता यावं म्हणून, उरलेले दोन उघडले.

तिसरा तंतोतंत जुळला. इडीगसचं टोक खालून पाहिलं तर भाल्यासारखं, बाजूनं पाहिलं तर किंचित खाली वळलेलं. चौथ्याचं टोक बोथट. मधोमध बारीकशी खाच.

पहिला विचार: तिरका पडलाय. ग्लिसरिनच्या थेंबात इडीगस थोडा जरी कलला तरी टोक बदललेलं दिसतं. कापसाचे दोन तंतू घालून त्याला दोन्ही बाजूंनी टेकू दिला, सरळ केला. खाच तशीच. दुसरा विचार: कोवळा असेल. नुकत्याच बाहेर पडलेल्या भुंगेऱ्याचं कवच मऊ असतं, वाळताना जननांग आकसतं आणि टोक विचित्र होतं. पण हा पुरता टणक होता, रंगही पक्का. तिसरा विचार: टोक मोडलं असेल. मोडलेली कड फाटकी, ओबडधोबड दिसते; ही गुळगुळीत, कडेला बारीक किनार असलेली. तीस फोटो एकावर एक रचून चित्र केलं. खाच चित्रात अजूनच स्पष्ट झाली.

म्हणजे एका बुंध्यावर बहुधा दोन प्रजाती. आणि सात माद्या कुणाच्या? उघडलेल्या दोन माद्यांचे शुक्रकोश (नराचं वीर्य साठवायच्या पिशव्या) सारखेच होते, पण जवळच्या प्रजातींत ते पुष्कळदा सारखेच असतात. लांबी-रुंदीची जी सरासरी आम्ही वर्णनात दिली होती, तीत या सातही जणी होत्या.

डीएनए करा, असं तुम्ही म्हणाल. केला. बारकोडसाठी, म्हणजे प्रजाती ओळखायच्या ठरलेल्या डीएनए-खुणेसाठी, ६५८ बेसचा तुकडा लागतो. पण हे चार नर फनेलमधून नाही, अ‍ॅस्पिरेटरनं (किडे ओढून घ्यायच्या नळीनं) वेचले होते, आणि बाटलीत इथाइल अ‍ॅसिटेट होतं. त्यानं किडा पटकन मरतो, पाय मऊ राहतात, माउंट करायला छान. डीएनएचे मात्र तुकडे होतात. चौथ्या नराच्या पायातून काहीच आलं नाही. ९५ टक्के अल्कोहोलची बाटली त्या दिवशी बॅगेतच होती.

त्या वेळची मी आजच्या माझ्याशी अजूनही वाद घालते. तिचं म्हणणं: होलोटाइप बरोबर आहे ना? मग नाव टिकतं. नियमही हेच सांगतात, पॅराटाइप चुकीचा निघाला तरी नावाला धक्का लागत नाही. खरं आहे. पण हे माहीत असूनच तिनं बाकीचे उघडले नव्हते, हेही खरं आहे.

शेवटी माद्या आणि चौथा नर पॅराटाइपमधून काढले, मापं तीन नरांवरून पुन्हा लिहिली. तिघांची सरासरी काय काढायची, म्हणून फक्त किमान आणि कमाल दिलं. होलोटाइप लाल लेबल लावून कोलकात्याला, झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाकडे गेला. जैवविविधता कायदा २००२प्रमाणे नव्या प्रजातीचा नमुना नेमून दिलेल्या संस्थेत जमा करावाच लागतो. ऑनलाइन निबंधातल्या नावासाठी झूबँकवर (प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत) आधी नोंदणी, तीही झाली. आणि नाही, स्वतःचं नाव देता येत नाही असा नियम नाही, पण दिलं की लोक हसतात.

“एवढ्याशा किड्यासाठी जीव का घेता, फोटो काढा की” असंही विचारता. वरच्या कुठल्या गोष्टीचा फोटो जिवंत भुंगेऱ्याचा निघाला असता ते सांगा. तरी अकरा जीव मारून तीनच कामी आले, हे मला बोचतं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तर, नवीन आहे हे कळलं कसं? तीन नरांबद्दल विचारत असाल तर मूळ नमुन्यांच्या फोटोंशी टोकं लावून पाहिली, एकही जुळलं नाही, म्हणून. पुढचा बासेलचा ड्रॉवर उघडेपर्यंत ते उत्तर धरून चाला. चौथा माझ्या कपाटात आहे, इडीगस त्याच्याच टाचणीवर ग्लिसरिनच्या इवल्याशा नळीत. खालच्या लेबलवर जिल्हा, उंची, तारीख, मॉस, खरसू असं सगळं आहे. प्रजातीच्या जागी पेन्सिलीनं जीनसचं, म्हणजे प्रजातीच्या वरच्या गटाचं, नाव आणि पुढे प्रश्नचिन्ह.