डांबराचे ठिपके आणि मागचं डावं दार

गाड्या धुऊन चमकवायच्या आमच्या धंद्यात डांबर काढण्याच्या कामाला काही मान नाही. पॉलिश, कोटिंग ही पाहुण्यांना दाखवायची कामं. डांबर म्हणजे धुलाईला चिकटून आलेलं किरकोळ. त्यामुळे ते नव्या पोरांच्या गळ्यात पडतं, आणि माझ्या पाहण्यात रंगाची सगळ्यात जास्त नासाडी याच किरकोळ कामात होते.

त्या दिवशी आलेली गाडी लाल हॅचबॅक होती. रस्त्याचं काम चालू असताना ताज्या फवाऱ्यावरून गेलेली. खडी-डांबराचा थर टाकण्याआधी जुन्या रस्त्यावर डांबराचा पातळ फवारा मारतात. तो ओला असताना तपकिरी दिसतो, त्यातलं पाणी निघून गेलं की काळा होतो. तपकिरी दिसतोय तोवर माणसाला वाटतं चिखल आहे, आणि तो बिनधास्त गाडी घालतो. डाव्या बाजूला चाकांच्या मागे, दोन्ही दारांच्या खालच्या अर्ध्या भागात आणि मागच्या बंपरवर राईएवढ्यापासून नखाएवढ्यापर्यंत ठिपके होते. शिवाय पुढच्या मडगार्डवर कोणीतरी भांड्याची घासणी चालवलेली. विचारल्यावर गाडीचे मालक म्हणाले, "ड्रायव्हरने करून बघितलं. निघत होतं तसं."

निघतंच. घासणीने डांबर निघतं, नखाने निघतं, नाण्याने निघतं. प्रश्न त्याच्याबरोबर आणखी काय निघतं हा आहे. गाडीच्या पत्र्यावरचा सगळा रंग, अगदी खालच्या प्रायमरपासून वरच्या पारदर्शक क्लिअर कोटपर्यंत, साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस याहून जाड असतो. आणि डांबराच्या ठिपक्यात नुसतं डांबर नसतं, वाळूचे कणही असतात. तो ठिपका दाबून घासला की आपणच सँडपेपर तयार करून आपल्याच गाडीवर चालवतो.

डांबर घासायचं नसतं, विरघळवायचं असतं. ते पेट्रोलियमचाच गाळ, त्यामुळे पाण्याला आणि शाम्पूला दाद देत नाही. पेट्रोलियमच्याच जातीच्या द्रावणात विरघळतं. रॉकेल, टर्पेंटाइनच्या जागी वापरतात तो व्हाइट स्पिरिट, गंज सोडवायचा स्प्रे, यातलं काहीही चालतं ते यामुळेच. चालतं म्हणजे डांबर निघतं. रॉकेलचा तेलकट थर मागे राहतो, त्यावर धूळ बसते. दाराच्या रबराला हे पदार्थ लागत राहिले तर रबर फुगतं. पेट्रोलने तर गाडीआधी माणूस पेटायची भीती. आणि थिनर! थिनर मारून डांबर काढणाऱ्या माणसाला काही समजावण्यात अर्थ नसतो, कारण बहुतेक वेळा त्याचं निभावून जातं. कारखान्यातून आलेला रंग टिकतो, आणि 'मी कायम थिनरच वापरतो' अशी फुशारकी तयार होते.

आमची पद्धत कंटाळवाणी आहे. गाडी सावलीत, पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. आधी पाण्याचा फवारा आणि फेस, म्हणजे सुटी माती जाते. मग पत्रा कोरडा करून डांबर रिमूव्हर मारायचा आणि हात बांधून उभं राहायचं. हे उभं राहणंच पोरांना जमत नाही. एक-दोन मिनिटांत ठिपक्याच्या कडेने तपकिरी ओघळ सुटतो. तो सुटला की मऊ मायक्रोफायबर नुसतं टेकवून उचलायचं, घडी बदलायची, पुढचा ठिपका. द्रावण पत्र्यावर वाळू द्यायचं नाही. हट्टी ठिपक्यावर जोर लावायचा नाही, पुन्हा फवारा मारायचा. शेवटी शाम्पूने धुवायचं, आणि द्रावणाने मेणही उडालेलं असतं म्हणून नवं मेण. क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेली घाण ओढून घेणारा मातीसारखा मऊ गोळा, लावायचाच असेल तर डांबर गेल्यावर. आधी लावला तर डांबर सगळीकडे सारवलं जातं.

पुढचं दार असं छान साफ झालं. मागच्या दाराच्या खालच्या कडेला, जिथे सहसा कोणाची नजर जात नाही, तिथल्या एका ठिपक्यावर मी रिमूव्हर मारला. प्रत्येक दाराला आधी अशी एक कोपऱ्यातली चाचणी घेतो, पुढचं दार निर्धास्त निघालं तरी. ओघळ आला, कापड टेकवलं, उचललं. कापडावर तपकिरी डाग होता आणि त्याच्या भोवती गुलाबी कडा.

हाताखालचा मुलगा म्हणाला, "डांबर असंच लालसर सुटतं ना?"

"डांबर तपकिरी सुटतं. गुलाबी गाडी सुटते."

तिथल्या तिथे शाम्पूचं पाणी ओतून द्रावण धुऊन काढलं. बोट लावलं तर पत्रा किंचित चिकट लागत होता. कंपनीचा रंग असा वागत नाही. कारखान्यात तो १४० अंशांच्या आसपास भाजलेला असतो, त्याचे रेणू एकमेकांत कायमचे गुंतलेले असतात. वर क्लिअर कोट असतो, त्यामुळे खालचा लाल कापडाला लागायचा संबंधच नाही. गॅरेजमध्ये हार्डनर घालून मारलेला चांगला रंगही असाच गुंतून घट्ट होतो. पण स्वस्तातला एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा रंग नुसता थिनर उडून वाळतो. जो थिनर उडाल्यामुळे वाळला, तोच पुन्हा लागला की परत विरघळतो. आमच्या रिमूव्हरमध्ये झायलीनच्या जातीची तिखट द्रावणं आहेत. तेवढी त्याला पुरली.

मग जाडी मोजायचं गेज काढलं. पुढचं दार: ११२, १०८, ११७. मागचं दार: वरच्या भागात २९० ते ३४०, हँडलच्या खाली ४१०, आणि खालच्या मागच्या कोपऱ्यात ९०० च्या वर. एवढा आकडा रंगाचा नसतो, पुट्टीचा असतो. मार बसला होता, पुट्टी भरली, घासून सपाट केली, वरून लाल मारला. आकार त्या कारागिराने सुरेख उतरवला होता, हे कबूल करायला हवं; दाराची धारेची रेघ पुढून मागे कुठेही मोडत नव्हती. असा हात असलेल्या माणसाने वर असला रंग का मारावा? बहुधा त्याला तेवढेच पैसे मिळाले असतील.

मालकांना बोलावलं. "या दाराला नंतर रंग दिलेला आहे."

"शक्य नाही. गाडी घरातलीच आहे, माझ्या साडूंकडून घेतलेली. एक ओरखडा नाही म्हणाले होते." मग कापडाकडे बघून, "तुमच्या औषधानेच सुटला असेल रंग."

ही शंका रास्त होती. त्यांच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो. म्हणून त्यांच्यासमोर नवं कापड घेतलं, त्याच बाटलीतलं द्रावण पुढच्या दारावरच्या एका राहिलेल्या ठिपक्यावर मारलं. कापडावर फक्त तपकिरी. मग गेज त्यांच्याच हातात दिलं. ते वाकून मोजत राहिले, पुढचं दार, मागचं, परत पुढचं. बंपरवर लावून म्हणाले, "इथे काहीच दाखवत नाही." बंपर प्लॅस्टिकचा, हे गेज धातूवरच चालतं, असं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण लक्ष तिथे नव्हतं.

"म्हणजे मोठा ॲक्सिडेंट?"

इथे मी घाई केली नाही, आणि त्याचं मला अजून बरं वाटतं. आमच्यातले काही जण गेजवर मोठा आकडा दिसला की वकिलासारखे बोलायला लागतात. मी दार उघडून बिजागरीचे बोल्ट दाखवले: त्यांच्यावरचा रंग मोडलेला नव्हता, म्हणजे दार उतरवलेलं नव्हतं. मधला खांब आणि मागचा खांब मोजला, दोन्हीकडे शंभर-सव्वाशेच्या घरात. रबराखालचा पत्रा सरळ. मार दारालाच बसला, सांगाड्यापर्यंत पोचला नाही. पार्किंगमध्ये दुसऱ्या गाडीने टेकवलं असेल, खांबाला घासली असेल.

"पण मग त्यांनी सांगितलं का नाही?"

याला उत्तर माझ्याकडे नव्हतं. कदाचित साडूंनाही माहीत नसेल. ड्रायव्हरने परस्पर दुरुस्त करून आणली असेल, किंवा गाडी त्यांच्याकडेही आधीच तशी आली असेल. गेजला जाडी कळते, कोणाला काय माहीत होतं ते कळत नाही. हे मी त्यांना म्हणालोही. पण डोक्यातलं चक्र फिरायचं ते फिरलं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

राहिले दारावरचे ठिपके. रिमूव्हर आता बाद. मी लिक्विड पॅराफिन काढलं. नुसतं खनिज तेल; रंगाला काही करत नाही, डांबराला मात्र हळूहळू पोखरतं. कापसाचे लहान बोळे त्यात भिजवून एकेका ठिपक्यावर चिकटवले. अर्ध्या तासाने ठिपक्याची कड मऊ मेणासारखी झाली. मग बोळा फिरवायचा नाही, सरळ उचलायचा, कारण आतली वाळू अजून तिथेच असते. पुन्हा नवा बोळा, पुन्हा वाट. हाताखालचा मुलगा आधी कुरकुरला, मग त्यालाच नाद लागला. शेवटचे ठिपके त्याने मला हातही लावू दिला नाही. संध्याकाळपर्यंत सगळं डांबर उचललं गेलं, सौम्य शाम्पूने तेल धुतलं, हाताने मेण लावलं. दोन-तीन मोठ्या ठिपक्यांच्या जागी फिकट तपकिरी सावली राहिली. रंगात मुरलेला डाग तो. पॉलिशने गेला असता, पण वर क्लिअर कोट नसल्यामुळे पॉलिशच्या प्रत्येक फेरीत लाल रंगच पॅडवर आला असता. "हे राहू द्या," असं मी सांगितलं. त्यांनी लगेच मानलं. सकाळी हाच माणूस ठिपका ठिपका मोजून दाखवत होता.

निघताना म्हणाले, "बिलावर दाराचं काही लिहू नका. बिलं बायको बघते."

साडूंची बायको म्हणजे त्यांच्या बायकोची बहीण, हे माझ्या डोक्यात तेव्हा उशिरा शिरलं.

बिलावर 'डांबर काढणे, मेण' एवढंच लिहिलं. आमच्या कामाच्या कार्डावर मात्र गेजचे आकडे, चाचणीची जागा आणि 'मागील डावे दार पुनर्रंगित, तीव्र द्रावण वापरू नये' असं लिहिलं, आणि त्यांना दाखवून सही घेतली. उद्या ते दार निस्तेज पडलं तर बोट आमच्याकडे वळू नये म्हणून. सही करताना त्यांनी ते वाचलं नाही, किंवा वाचायचं नव्हतं.

आमच्या वर्कशॉपच्या मालकांचं मत वेगळं पडलं. "आपल्याला डांबराचं काम दिलं होतं. पॅराफिन वापरायचं, गप्प बसायचं, गाडी द्यायची. कोणाच्या घरात भांडण लावायला गेज घेतलं नाही आपण." यात तथ्य नाही असं मला म्हणता येत नाही. पण गप्प बसलो असतो तर पुढच्या वेळी तो माणूस त्याच दारावर दुसऱ्या कोणाकडून थिनर मारून घेणार होता, आणि तेव्हा दार पार जाणार होतं. दाराबद्दल सांगणं माझं कामच होतं. साडूंबद्दल मी काहीच बोललो नाही, तरी ऐकणाऱ्याला तेवढंच ऐकू आलं.

त्या प्रकरणानंतर मालकांनी नियम केला: डांबराच्या कामाला गेज काढायचं नाही, फक्त पॉलिशच्या कामाला. मी म्हणतो उलट करा, आलेली प्रत्येक गाडी ग्राहकासमोरच मोजा, म्हणजे काय होतं ते पाणी मारायच्या आधीच सगळ्यांना माहीत असेल. ते म्हणतात, मग दारातच भांडणं होतील. आमचं यावर अजून जमलेलं नाही. तोवर मुलाला मी एवढंच सांगून ठेवलंय की कापडावर डांबराशिवाय दुसरा रंग दिसला, तर बाटली खाली ठेवायची आणि मला हाक मारायची. गेज माझ्या खणात असतं.