थिबा राजवाड्याच्या पायरीशी काढलेल्या चपला

रत्नागिरीत गाईडचं काम करते. थिबा राजवाड्यासाठी बहुतेक टूरवाले अर्धा तास देतात. गणपतीपुळ्याहून यायचं, राजवाडा उरकायचा आणि ऊन उतरायच्या आत भाट्याचा किनारा गाठायचा. तेवढ्या वेळात लोकांना दोनच गोष्टी ऐकायच्या असतात. राजाचा खजिना कुठे गेला, आणि थोरल्या राजकन्येचं दरवानाशी कसं जमलं. मी दोन्ही सांगते, पण माझा जीव अडकलेला असतो राजाराणीच्या राहणीत. राज्य गेल्यावर, परक्या मुलखात, म्यानमारचा, म्हणजे तेव्हाच्या ब्रह्मदेशाचा, राजा थिबा आणि राणी सुपयालत यांनी तीस वर्षं दरबार कसा टिकवला, हे कुणी विचारतच नाही.

म्हणून दिवाळीनंतरचा तो दिवस डोक्यातून जात नाही. म्यानमारहून तिघं आले होते. आजी, त्यांची लेक आणि जावई. मंडालेजवळच्या अमरपुऱ्याचे, घरात विणकाम पिढ्यान्‌पिढ्यांचं. आजी नेसल्या होत्या त्या रेशमावर नागमोडी लाटा होत्या. या विणीत रंगागणिक वेगळा धोटा चालतो आणि आडवे धागे एकमेकांत अडकवत नक्षी पुढे सरकते. तंत्र आपल्या पैठणीच्या पदराच्या फार जवळचं. येवल्याला मी ते काम बघितलंय, त्यामुळे आजींच्या काठावरून माझी नजर हटेना. एके काळी असं कापड तिकडे दरबारची मंडळीच नेसायची.

आजींनी पहिल्याच पायरीशी चपला काढल्या. बुद्धाची मूर्ती मागच्या बाजूला आहे, तिथे काढल्यात तरी चालेल, असं मी म्हटलं. लेकीने त्यांचं उत्तर इंग्रजीत सांगितलं, “आई म्हणते, इथे राजा राहायचा.”

मी दर वेळी जी गोष्ट घाईत दोन वाक्यांत सांगते, ती या बाईंनी करून दाखवली. राजधानी मंडालेच्या दरबारात परक्या राजदूतालाही जोडे काढून, पाय मागे दुमडून जमिनीवर बसावं लागे. १८७५च्या सुमारास इंग्रजांनी ठरवलं की यापुढे आपला माणूस जोडे काढणार नाही. तेव्हाचा राजा, थिबाचे वडील मिंडॉन, तेही हटले नाहीत. मग समोरासमोर भेटणंच बंद झालं. पुढचं युद्ध काही एवढ्यावरून झालं नाही, त्यात सागवानाचा व्यापार होता, फ्रेंचांची धास्ती होती. पण २९ नोव्हेंबर १८८५ला इंग्रज अधिकारी पायातल्या बुटांसकट मंडालेच्या राजवाड्यात शिरले, आणि राजाराणीला बैलगाड्यांतून नदीवरच्या बोटीकडे नेलं. तिथून मद्रास, आणि एप्रिल १८८६मध्ये रत्नागिरी.

वरच्या मजल्यावर संगमरवरी फरशीचं दालन आहे. मी मुद्दाम दुपार कलल्यावर माणसं तिथे नेते, कारण लाकडी अर्धगोल खिडक्या तेव्हाच खुलतात. आजी मधोमध पाय मागे घेऊन बसल्या. मीही खाली बसले आणि एरवी जे सांगायला मिळत नाही ते सगळं सांगितलं. हा राजवाडा १९१०चा, त्याआधीची चोवीस वर्षं हे कुटुंब सरकारी बंगल्यांत राहिलं. तिथेही चाकरमाणसं गुडघ्यांवरच समोर यायची. पेन्शन पुरेना, तेव्हा माणकं विकली, पण रीत सोडली नाही. १९१४ साली चारही राजकन्यांचे कान टोचण्याचा सोहळा केला, थोरली तेव्हा तिशी ओलांडलेली. सरकारी अधिकारी याला उधळपट्टी म्हणत. मला ते कधीच पटलेलं नाही. ज्याच्याकडे सैन्य नाही, प्रजा नाही, त्याने आपण राजा आहोत हे दाखवायचं कशाने? कपड्याने, बसण्याने, समोर येणारा कसा येतो याने. सुपयालतला हे नवऱ्यापेक्षाही जास्त कळत होतं, असं माझं मत आहे. तिच्या क्रूरपणाच्या कथा सगळ्यांना पाठ असतात, हे कुणाच्या गावी नसतं.

तेवढ्यात जिन्यावर बूट वाजले. पन्नासेक जणांची टूर. मी दारात गेले आणि मॅनेजरला म्हटलं, “भाऊ, दहा मिनिटं थांबवा ना. आत आजी बसल्यात.”

“अहो ताई, म्युझियम आहे, देऊळ नाही. पाचला मला माणसं भाट्याला न्यायचीत.”

नियमाने त्याचं बरोबर होतं. माणसं आत आली, मोबाईल उंचावले. एक नऊवारीतल्या मावशी मात्र थबकल्या. त्यांनी आजींकडे पाहिलं, चपला उंबऱ्याबाहेर ठेवल्या आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या. भाषेचा प्रश्नच आला नाही. दोघी एकमेकींच्या काठाचा पोत बोटांनी बघत राहिल्या.

नंतर आम्ही शिवाजीनगरला समाधीवर गेलो. थिबा १५ डिसेंबर १९१६ला गेला, म्हणजे या एवढ्या वास्तूत तो जेमतेम सहा वर्षं राहिला. शेजारी त्याच्या धाकट्या राणीची समाधी आहे, ती सुपयालतची सख्खी बहीण. सुपयालतला नवऱ्याचा देह मायदेशी न्यायचा होता, सरकारने परवानगी दिली नाही. १९१९मध्ये ती मुलींना घेऊन परतली आणि १९२५ साली रंगूनमध्ये वारली. तिची समाधी श्वेडगॉन पॅगोड्याजवळ आहे. आजी तिथे जाऊन आलेल्या होत्या. त्यांना दोन्हीकडे नमस्कार करायचा होता, इतकंच.

आता मी जोड्यांची गोष्ट तिकिटाच्या आधीच, पायऱ्यांखाली उभी राहून सांगते. चपला काढा असं कुणाला म्हणत नाही, तसा नियमही नाही. काही जण काढतात, बरेचसे नाही. त्या टूरवाल्याने माझा वेळ परवडत नाही म्हणून दुसरा गाईड धरला. बाकीच्यांना मी सांगितलंय, राजवाड्याला पाऊण तास लागेल, जमत असेल तर बोलवा.