संघम रेडिओ ऐकायला माचनूरला जाणार असाल तर आधी परतीची रिक्षा ठरवा

संघम रेडिओ म्हणजे तेलंगणात झहीराबादजवळच्या माचनूर गावातलं, बायकांनीच चालवलेलं छोटं एफएम स्टेशन. सकाळी अकराला झहीराबादला उतरलो, उत्साहात तिथल्या तिथे त्याचं ९०.४ लावलं तर नुसती खरखर. "दिवसभर चालू असतो, कधीही जा" असं आम्हाला ज्यांनी छातीठोक सांगितलं होतं त्यांच्यावर माझा राग अजून गेलेला नाही. संघम रेडिओ संध्याकाळी ७ ते ९ लागतो, बस. कारण ऐकणाऱ्या बाया दिवसभर रानात असतात, सातच्या सुमाराला चूल पेटते तेव्हा कान मोकळे होतात. कारण एकदम पटण्यासारखं आहे पण ते आम्हाला तिथे पोचल्यावर कळलं आणि आठ तास हातात उरले.

आम्ही तिघी, बचत गटाचं आणि आरोग्याचं काम करणाऱ्या, उदगीरहून रेल्वेने गेलो. उदगीर-भालकी-बीदर-झहीराबाद सरळ लाइन आहे, प्रवासाचा काही त्रास नाही. सोलापूरकडून येणाऱ्यांना उमरगा-हुमनाबादवरून हायवे आहे. त्या मोकळ्या वेळात झरासंगमला केतकी संगमेश्वराचं दर्शन झालं, आपल्याकडची माणसं तिथे खूप भेटतात, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

लिहायचंय ते रिक्षाबद्दल. झहीराबादहून माचनूरला जाताना रिक्षावाला ३०० म्हणाला, आम्ही हो म्हटलं. रात्री नऊला कार्यक्रम संपला तेव्हा गावात दुसरं एकही वाहन नाही, आणि तोच माणूस १२०० वर अडून बसला. तिघी बाया, अंधार, रस्ता मध्येच खणून ठेवलेला, एका ठिकाणी तर आम्हाला उतरून मोबाइलच्या उजेडात चालत पुढे जावं लागलं आणि रिक्षा मागून रिकामी आली. शेवटी ९०० दिले. हा सरळ सरळ अडवून घेतलेला पैसा आहे. तुम्ही जाण्यायेण्याचं एकदमच ठरवा, थांबायचे तास धरून, आणि अर्धे पैसे परत आल्यावरच द्या. मुक्काम झहीराबादलाच करा, त्या रात्री परत निघायचा विचारही करू नका.

दुसरं, फोनच्या भरवशावर जाऊ नका. कितीतरी नव्या फोनमध्ये एफएमच नसतं, आणि ज्यात असतं त्यात वायरवाला इअरफोन लावल्याशिवाय स्टेशन पकडत नाही कारण ती वायरच अँटेना असते. आमच्याकडे तिघींकडे बिनवायरीचे. एका घरातल्या आजींनी त्यांचा छोटा रेडिओ आमच्या मध्ये आणून ठेवला म्हणून ऐकायला मिळालं. बाजारातला साधा सेलवरचा रेडिओ घेऊन जा.

आणि मग ते दोन तास. आम्हाला तेलुगू येत नाही, त्या आजी दखनीत, म्हणजे तिकडच्या हिंदी-उर्दूत, सांगत होत्या. बाळंतिणीला काय घालायचं यावर एक वयस्क बाई बोलत होती, बाजरी, राळे, बांधावरची रानभाजी. पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा बाजरीत लोह किती तरी जास्त असतं हे मी दहा वर्षं मीटिंगमध्ये तक्ते दाखवून सांगतेय, बाया माना डोलावतात आणि घरी जाऊन रेशनचा भातच शिजवतात. इथे तेच शेजारणीच्या आवाजात, तिच्या शब्दात, मध्ये गाणं. आजी म्हणाल्या, "ये हमारीच आवाज है." आमच्या मीटिंगमध्ये पाळीबद्दल, अंगावरून पांढरं जाण्याबद्दल कुणी तोंड उघडत नाही कारण समोर जाऊ बसलेली असते. रेडिओला तोंड दिसत नाही, चुलीपाशी बसून ऐकता येतं. मला रात्री झोप आली नाही.

हे एका दिवसात उभं राहिलेलं नाही. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या तिथल्या संस्थेच्या दलित बायकांनी लायसन्स मिळायच्या आधी जवळजवळ दहा वर्षं कार्यक्रम कॅसेटवर भरून संघमच्या, म्हणजे गावातल्या बायकांच्या गटाच्या, बैठकीत ऐकवले. असा कम्युनिटी रेडिओ चालवायला सरकारने संस्थांना परवानगी दिली २००६ मध्ये, आणि १५ ऑक्टोबर २००८ ला हे स्टेशन सुरू झालं, उद्घाटनाला न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, ज्यांनी सुप्रीम कोर्टाच्या १९९५ च्या निकालात लिहिलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. आपल्या मराठी माणसाचं हे काम आपल्याच लोकांना माहीत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून ज्यांना आपल्या तालुक्यात असं काही करायचंय त्यांनी आधी ट्रान्समीटरच्या किमती विचारत फिरू नका. अशा रेडिओला ताकद सहसा १०० वॅटपर्यंतच, मनोरा ३० मीटरपर्यंतच, म्हणजे दहा-पंधरा किलोमीटरचा टापू, आणि आकाशवाणीच्या बातम्या सोडून स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आधी एक रेकॉर्डर घ्या आणि बोलणाऱ्या दोन बाया शोधा. डॉक्टर नंतर बोलवा.

तेलुगूची अडचण वाटत असेल तर साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे, तीही ९०.४ वर, तीही २००८ पासून, आणि मराठीत. पण माचनूर चुकवू नका. फक्त दुपारी चारच्या आत पोचा, उजेडात तो खणलेला रस्ता बघून ठेवा, म्हणजे रात्री कुठे उतरायचं ते कळेल. उजेडाची बॅटरी (टॉर्च) प्रत्येकीकडे वेगळी हवी.